आठ हजारांत शॉकअप, डबल डिस्क आणि एकवीस गिअर

नाशिकमधल्या कुठल्याही मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शिरा. किराणा, स्टीलची भांडी, प्लास्टिकच्या बादल्या मागे पडल्या की एका भिंतीशी सायकली उभ्या असतात. मॅट काळा रंग, त्यावर पोपटी अक्षरं, दातेरी जाड टायर, पुढे शॉकअप, सीटखाली लाल रंगाची जाडजूड स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्क आणि हँडलवर दोन्हीकडे गिअरचे खटके. किंमत आठ हजारांच्या आसपास, ऑफर असली तर सातच्या घरात. बारा-तेरा वर्षांचं पोरगं तिथून हलायला तयार नसतं, आणि मला त्यात त्याचं काहीच चुकतंय असं वाटत नाही. त्या वयात सायकलीची ओढ लागावीच.

ही सायकल घ्यावी का, हा प्रश्न मला शाळा सुरू व्हायच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर हमखास येतो. मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे, सुट्टीच्या सकाळी सायकल चालवतो आणि तिची कामं घरीच करतो, म्हणून नातेवाइकांत आणि सोसायटीत लोक मला विचारतात. यंदा ताईने विचारलं. भाचा आठवीत गेला, इंदिरानगरातून क्लासला जायला त्याला सायकल हवी होती, आणि भिंतीशी उभी असलेली तीच त्याच्या मनात भरली होती. "गिअर आहेत, शॉकअप आहेत, डिस्क आहेत. मग वाईट काय आहे रे तिच्यात?" ताई म्हणाली.

माझं मत असं आहे: आठ हजारांत ही सायकल घेऊ नये. आठ हजारांत सायकल मात्र जरूर घ्यावी. या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्यावर कोणी बोलत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी माझ्यासारख्याच लोकांविषयी. नाशिकला सायकलीचं वेड आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघातून 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण ४,८०० किलोमीटर. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. त्या वर्षांत गंगापूर रोडवर पहाटे सायकली कशा वाढत गेल्या हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण याचा एक परिणाम असा झाला की सायकलीचं विचारलं की जाणकार मंडळी पहिल्या वाक्यात "किमान पंचवीस-तीस हजार घाल, त्याखालचं सगळं लोखंड" असं सांगून मोकळी होतात. ज्या बापाकडे आठ हजार आहेत, त्याला हे उत्तर देऊन उपयोग काय? तो मान हलवतो आणि सरळ स्टोअरमध्ये जातो. आठ हजार ही लहान रक्कम नाही. अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या माणसाचा तो अर्ध्या-पाऊण महिन्याचा पगार आहे. त्या पैशाला नीट उत्तर मिळालं पाहिजे.

म्हणून ते आठ हजार जातात कुठे ते बघू. दुकानाचा नफा त्यात आहे, लुधियानाहून येणारं भाडं आहे, खोकं आहे, कर आहे. जीएसटी सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के होता, आता ५ आहे, तेवढा दिलासा. उरलेल्या पैशात कारखान्याला फ्रेम, दोन चाकं, हँडल, सीट, पेडल आणि ब्रेक बसवायचे आहेत. साधी सायकल यात होते आणि बरी होते. आता याच रकमेत पुढचा शॉकअप, मागचा शॉकअप, त्यासाठी मधोमध सांधा असलेली फ्रेम, दोन डिस्क, त्या दाबणारे दोन कॅलिपर, पुढे तीन दातेरी चकत्या, मागे सात, चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे दोन डिरेलर आणि दोन शिफ्टर, म्हणजे हँडलवरचे खटके, घाला. पैसे कुठून तरी काढावे लागणारच. ते निघतात जिथे गिऱ्हाइकाची नजर पोचत नाही तिथून: हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, कोन (छर्रे ज्यांवर धावतात ते शंकूसारखे नट), छर्रे, त्यांचं पोलाद, त्यावरचं हार्डनिंग, ग्रीस, स्पोकचा ताण, आणि सायकल जोडणाऱ्या माणसाचा वेळ.

गेल्या पावसाळ्यानंतर सोसायटीतल्या एका शेजाऱ्यांची अशीच सायकल मी पार्किंगमध्ये उघडली. मागचं चाक डुलतं, एवढीच तक्रार होती. वर्तमानपत्र पसरलं, चाक काढलं आणि आधी ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, बोटांनी फिरवला. सरळ ॲक्सल फिरताना त्याचं टोक जागच्या जागी राहतं. याचं टोक गोल फिरत होतं, म्हणजे ॲक्सल वाकलेला. लॉकनट सोडला, कोन बाहेर काढला. आत ग्रीस असं नव्हतंच, तांबूस पाणी होतं आणि पत्र्याच्या जाळीत अडकलेले छर्रे. कोनावर छर्रे ज्या वाटेने धावतात तिथे एक सलग चकचकीत पट्टी दिसायला हवी. नख फिरवून पाहिलं तर ते अडकत होतं. जागोजागी खड्डे, एका ठिकाणी तर वरचा थर पापुद्रा सुटल्यासारखा गेलेला. कडक थर पातळ, आतलं पोलाद मऊ. आमच्या या शहरात डिझेल इंजिनाच्या नोझलची मापं मायक्रॉनमध्ये घेतात. पोलादाचा छोटासा तुकडा किती नेटका करता येतो हे इथल्या हजारो कामगारांना हातासरशी ठाऊक आहे. त्याच शहरात पोराच्या चाकात असा कोन यावा, याचं मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटलं.

शेजाऱ्यांना वाटत होतं मुलाने फुटपाथवरून उड्या मारल्या असतील. मुलाचा काही दोष नव्हता. ॲक्सल का वाकतो हे समजून घेण्यासारखं आहे, कारण या सगळ्या प्रकाराचं मूळच त्यात आहे. या सायकलींच्या मागच्या हबवर सात चकत्यांचं फ्रीव्हील आटे फिरवून बसवलेलं असतं. ते रुंद असतं, आणि उजवीकडचं बेअरिंग त्याच्या आतल्या बाजूला राहतं. म्हणजे बेअरिंगपासून फ्रेमपर्यंतचा तीन-चार सेंटिमीटर ॲक्सल नुसता अधांतरी. खड्ड्यातला प्रत्येक दणका आणि चेनची ओढ त्या अधांतरी तुकड्यावर येते. जुन्या काळ्या सायकलीला मागे एकच चकती, फ्रीव्हील अरुंद, म्हणून बेअरिंग फ्रेमच्या जवळ. पूर्वी घरोघर गॅस पोचवणारी माणसं सायकलीवर दोन-दोन भरलेली सिलिंडरं लादून नेत. एक सिलिंडर साधारण तीस किलोचं. तरी त्या सायकलींचे ॲक्सल टिकत. १९७० च्या दशकाच्या शेवटी शिमानो या जपानी कंपनीने उजवं बेअरिंग पार बाहेर, चकत्यांच्या कडेला नेणारा हब काढला. आज बऱ्या किमतीच्या गिअरच्या सायकलींना तो असतो आणि त्यांचे ॲक्सल वाकत नाहीत. आठ हजारांच्या सायकलीला तो परवडत नाही. गिअर मात्र सात दिलेले असतात.

आता शॉकअप. नाशिकच्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या माणसाला शॉकअप नको असं कोण म्हणेल? पावसाळ्यानंतरचा कुठलाही कॉलनी रोड आठवा. पण चांगल्या शॉकअपमध्ये दोन कामं असतात. एक म्हणजे दाबलं जाणं, ते स्प्रिंग करते. दुसरं म्हणजे परत येताना आवरून, सावकाश येणं, ते आतलं तेल करतं. या सायकलींच्या शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग असते. खड्ड्यात दबते आणि तितक्याच जोराने उसळते. चढावर उभं राहून पेडल मारलं की पायातला अर्धा जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. मागेही स्प्रिंग असेल तर सायकल प्रत्येक पेडलला बसते-उठते आणि पुढे सरकत नाही. शिवाय स्प्रिंग मोठ्या माणसाच्या वजनाला धरून घातलेली असते. चाळीस किलोच्या मुलाखाली ती पुरती दबतही नाही. त्याला मिळतं ते फक्त दोन-तीन किलो जादा लोखंड. मागच्या सांध्यात प्लास्टिकचे बुश असतात. ते झिजले की मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत राहत नाही, आणि वळणावर हे अंगाला कळतं.

खड्ड्यांना खरा उतारा त्या सायकलीतच असतो, तिचा जाड टायर. पण आपण हवा मोटरसायकलीसारखी ठासून भरतो. टायरच्या बगलेवर किमान आणि कमाल हवेचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. दोन इंची टायरला साठ किलोच्या माणसासाठी पस्तीस-चाळीस पीएसआय पुष्कळ झाले. मुलाला त्याहून कमी, छापलेल्या किमान आकड्याच्या जवळ. एवढं केलं तर शॉकअपविना सायकलसुद्धा चामरलेणीच्या पायथ्याच्या मुरमाड रस्त्यावर सुखाने चालते.

डोंगरात सायकल घालायची कल्पना ज्यांच्यापासून पसरली, त्यांच्याकडेही शॉकअप नव्हते. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही तरुण पोरं तिथल्या टॅमाल्पायस डोंगराच्या मातीच्या उतारांवरून सायकली सोडायची. सायकली कुठल्या? दुसऱ्या महायुद्धाच्या आधी-नंतरच्या, लोकांनी अडगळीत टाकलेल्या, जाड टायरच्या, एका गिअरच्या जड सायकली. किरकोळ पैशात मिळायच्या. ब्रेक मागच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. १९७६ पासून त्यांनी एका उतारावर शर्यती सुरू केल्या. तो उतार इतका तीव्र की खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस तापून धूर होऊन जायचं, आणि दर वेळी हब उघडून ग्रीस नव्याने भरावं लागायचं. त्यावरूनच त्या उताराला 'रीपॅक' नाव पडलं. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही डोंगरी सायकली घडवणाऱ्यांची नावं त्यातूनच पुढे आली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर ही सायकल मोठ्या प्रमाणावर बाजारात आली, तिलाही पुढे साधा, ताठ फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) होता. पुढचे शॉकअप विकायला आले ते त्या दशकाच्या अखेरीस. तोपर्यंत दहा-बारा वर्षं लोक डोंगर उतरले ते जाड टायरवर, मजबूत चाकांवर आणि उघडून दुरुस्त करता येणाऱ्या हबवर. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ती स्वस्त सायकलींचीच गोष्ट आहे. त्या पोरांच्या सायकली जुन्या आणि जड होत्या, पण आतून पोकळ नव्हत्या.

गिअरचं थोडक्यात सांगतो. पुढे तीन आणि मागे सात म्हणून एकवीस लिहितात, पण त्यातले बरेच एकमेकांसारखेच पडतात आणि काही तिरक्या चेनमुळे वापरूच नयेत असे असतात. होळकर पूल ओलांडून मालेगाव स्टँडचा चढ चढायला किंवा त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीकडे जायला हलका गिअर हवा, हे खरं आहे. मीही तिथे वापरतो. पण शहरात शाळा-क्लास-दूध यासाठी मूल फार तर दोन-तीन गिअर वापरतं. आणि एक धोका लक्षात ठेवा. सायकल उजव्या अंगावर पडली की मागचा डिरेलर आत वाकतो. मग सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन टाकली की तो थेट स्पोकमध्ये जातो, चाक जागेवर अडकतं आणि दोन-चार स्पोक तुटतात. पडल्यानंतर मागून बघायचं, डिरेलर चकत्यांच्या रेषेत सरळ खाली लोंबतोय ना. मुलाला हे एकदा दाखवलं की ते विसरत नाही.

ब्रेकच्या बाबतीत डिस्कची बाजूही घेतली पाहिजे. नाशिकच्या पावसात, त्यातून त्र्यंबकेश्वरकडच्या पावसात, लोखंडी क्रोमच्या रिमवर रबर दाबून सायकल थांबवायची म्हणजे जीव टांगणीला लागतो. ओलं क्रोम रबराला दाद देत नाही. डिस्क पावसात बरी चालते आणि रिम थोडी आउट असली तरी तिला फरक पडत नाही. पण स्वस्त केबल-डिस्कमध्ये बहुधा एकाच बाजूचा पॅड हलतो, दुसरा जागेवर असतो. पॅड झिजले की दोन्ही बाजू पुन्हा जुळवाव्या लागतात. हे कोणी करून दिलं नाही तर डिस्क सतत घासते, किंवा ब्रेक हँडलला टेकेपर्यंत लागत नाही. या किमतीत मला ॲल्युमिनियमची रिम आणि चांगले व्ही-ब्रेक (रिमवर दोन्हीकडून रबर दाबणारे) जास्त भरवशाचे वाटतात. चुंबक नेऊन रिमला लावा. चिकटला तर रिम लोखंडाची.

आणि जोडणी. माझ्या मते निम्मं दुखणं इथेच आहे. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. उरलेली कोण जोडतं? सायकलीच्या दुकानात निदान रोज हेच करणारा माणूस असतो. स्टोअरमध्ये तेच काम कधी दुपारी फ्रीजची खोकी उचलणाऱ्या मुलाकडे येतं, आणि ऑनलाइन मागवली तर एका ॲलन कीसह तुमच्याकडेच. त्या मुलाला कोणी शिकवलेलं नसतं, त्यात त्याची चूक नाही. पण परिणाम गंभीर असतात. फोर्क उलटा बसवलेला, म्हणजे पुढचं चाक फ्रेमकडे ओढलेलं आणि ब्रेक मागच्या बाजूला, असं मी विक्रीला ठेवलेल्या सायकलीवरसुद्धा पाहिलं आहे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घट्ट करायला डावीकडे, म्हणजे सायकलीच्या पुढच्या दिशेने फिरवावं लागतं. हे माहीत नसलेल्याने जोर लावून उजवीकडे पिळलं की क्रँकमधले (पेडल ज्यात बसतं त्या दांड्यातले) आटे जातात आणि नव्या सायकलीचं पेडल पहिल्याच आठवड्यात गळून पडतं. हँडलचा बोल्ट सैल राहिला तर काय होईल ते लिहायची गरज नाही.

गोविंदनगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली बघा. हवा गेलेल्या, चेन तांबडी झालेल्या, लाल स्प्रिंगच्या सायकली एकमेकींना टेकून पडलेल्या असतात. त्यांतली एकेक कोणीतरी हट्टाने मागितली होती, कोणीतरी पैसे साठवून आणली होती. आई-बाप म्हणतात, पोराचं मन उडालं. मला ते पटत नाही. अठरा किलोची सायकल, डिस्क घासतेय, स्प्रिंग जोर खातेय, हबमध्ये ग्रीस नाही. ती ओढताना मूल दमतं, आणि त्याला वाटतं सायकल चालवणं हेच दमवणारं काम आहे. मित्र पुढे जातात, हे मागे राहतं. पुढे कॉलेज आलं की गाडी मागतं, आणि आयुष्यभरासाठी एक सायकल चालवणारा माणूस कमी होतो. आठ हजारांपेक्षा हे नुकसान मला मोठं वाटतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत मोठ्या स्टोअर्समधून विकल्या जाणाऱ्या अशाच सायकलींविरुद्ध २०२१-२२ च्या सुमारास तिथल्या मेकॅनिकांनी सह्यांची मोहीम काढली. जुन्या सायकली दुरुस्त करून गरजूंना देणाऱ्या वर्कशॉपमधले लोक त्यात पुढे होते. त्यांचं म्हणणं असं, की या सायकली मोडण्यासाठीच बनवल्यासारख्या आहेत. सायकल किमान पाचशे तास चालली पाहिजे आणि तिचे भाग बदलता आले पाहिजेत, एवढीच त्यांची मागणी होती. पाचशे तास म्हणजे रोज एक तास धरला तर दीड वर्षही नाही. इतकं साधं मागावं लागतं, यावरून काय ते समजावं.

याउलट पेठ, सुरगाणा, हरसूल भागात सकाळी शाळेच्या वेळेला जा. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. खाली झुकलेली फ्रेम, एक गिअर, मडगार्ड, कॅरिअरला दप्तर. तिथले चढ नाशिक शहरात नाहीत. मुली चढावर उतरून सायकल हाताने नेतात आणि वर गेल्या की पुन्हा बसतात. त्या सायकलीत बिघडण्यासारखं फार काही नाही, आणि जे बिघडतं ते गावातल्या पंक्चरवाल्याला येतं.

मग आठ हजारांत काय घ्यावं? सरळ हँडलची, पुढे ताठ फोर्क असलेली, एका गिअरची सायकल, शक्यतो ॲल्युमिनियम रिम आणि व्ही-ब्रेक. पाच-सहा हजारांत मिळते. उरलेल्यात मडगार्ड, कॅरिअर, चांगलं कुलूप, दिवा आणि हेल्मेट. भाच्याला मी दोन्ही सायकली एकाच दिवशी चालवायला लावल्या, एक शेजाऱ्यांची आणि एक ओळखीच्या दुकानातली साधी, सोसायटीच्या रॅम्पवरून. समजावून सांगण्यापेक्षा ते बरं. वर पोचल्यावर तो स्वतःच म्हणाला, "मामा, ही पळते." रंग मात्र काळाच हवा, ही त्याची अट राहिली, आणि ती रास्त होती.

दुसरा रस्ता जुन्या सायकलीचा, आणि नाशिकमध्ये तो इतर शहरांपेक्षा सोपा आहे. दोन-तीन वर्षांत सायकल बदलणारे हौशी लोक इथे पुष्कळ आहेत. पंधरा-अठरा हजारांची, चांगल्या हबची सायकल अर्ध्या किमतीत मिळून जाते. घेताना मागचं चाक उचलून फिरवा आणि कान लावा, खरखर नको. मग रिम धरून डावी-उजवीकडे हलवा, खडखड लागली तर बेअरिंग गेलं. क्रँकचंही तसंच. सीटची नळी वर-खाली होतेय का बघा, गंजून बसलेली नळी निघत नाही. आणि सायकल मुलाच्या उंचीची आहे ना, हे सगळ्यात आधी. स्टोअरमध्ये बहुधा एकच साइज असते आणि 'वाढत्या अंगाची' म्हणून मोठी घेतली जाते. पाय न पोचणाऱ्या सायकलीवर मूल घाबरतं.

खरोखर डोंगरात जायचं असेल, रामशेजच्या पायथ्याला, गंगापूर धरणाच्या मागच्या पाणवठ्याकडच्या बैलगाडीच्या वाटांवर, तर थांबा आणि पैसे साठवा. वीस हजारांच्या आसपास त्या कामाची सायकल सुरू होते. मॉलमधल्या बऱ्याच सायकलींवर किंवा त्यांच्या माहितीपत्रकात उड्या आणि खडकाळ वाटांसाठी ही सायकल नाही असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. विकत घेण्याआधी ते शोधून वाचा.

आणि आठवड्यातून एखाद्या वेळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकपर्यंत जायचं आहे, किंवा भिंतीशी उभी असलेली तीच घेऊन झाली आहे, तर ती टाकू नका. माझं तरी म्हणणं, चांगल्या माणसाच्या हाताखालून गेली तर ती पुष्कळ सुधारते. जुन्या नाशकात मी ज्या चाचांकडे जातो, ते नवी सायकल आली की आधी चाकं काढतात. "नवी दिसती दादा, पण आतून कोरडी आहे," असं म्हणत दोन्ही हब उघडतात, छर्रे रॉकेलमध्ये धुतात, ग्रीस भरतात, कोन इतका सैल-घट्ट करतात की चाक सोडलं तर व्हॉल्व्हच्या वजनाने आपोआप खाली येऊन थांबतं. मग स्पोक एकेक चिमटीत धरून ताण बघतात, आउट काढतात, हँडलचे छर्रे, पेडल, ब्रेक. पाच-सहाशे रुपये घेतात. सायकलीच्या किमतीत हे पैसे पहिल्याच दिवशी धरून ठेवा, मागचा शॉकअप असलेली घेतलीत तर जास्तच.

महिन्याभराने पुन्हा न्या. तोपर्यंत नव्या केबल ताणून बसतात, गिअर जागा सोडतात, स्पोक सैल पडतात, हे चांगल्या सायकलीचंही होतं. त्यात एक गोष्ट स्वतः बघण्यासारखी आहे. पेडल मारताना डाव्या पायाखाली 'टक, टक' असा आवाज यायला लागला, तर क्रँकचा बोल्ट सैल झालाय. तसंच चालवत राहिलं तर क्रँकचं चौकोनी भोक घासून गोल होतं आणि मग बोल्ट कितीही आवळला तरी क्रँक धरत नाही, नवा क्रँक घालावा लागतो. आवाज आला की उतरायचं, सायकल हाताने चालवत न्यायची आणि चौदा नंबरच्या बॉक्स पान्याने बोल्ट आवळायचा.